नाक उताराला

लेम्पीबाई म्हणाल्या, विकायचाय,
पण आधी सुरू तर व्हायला हवा.
अठ्ठ्याऐंशी सालचा डिझेल ट्रक, रंग कधीकाळी निळा,
आर्वो गेल्यापासून डुलुथच्या त्या चढावर
नाक वर करून उभा.

मी चावी फिरवली.
दोन सेकंद धडधडला, ओळख पटल्यासारखा,
आणि मेला.
मग नुसतं कण्हणं. खर्र खर्र खर्र,
मागून पांढरा धूर,
कच्च्या डिझेलचा डोळ्यांत चुरचुरणारा वास.

पहिला संशय थंडीवर.
इथे कशाचाही पहिला संशय थंडीवरच घेतात.
आठ ग्लो प्लग. टेस्ट लॅम्पची क्लिप बॅटरीच्या धन टोकाला,
सुई एकेका प्लगला टेकवत गेले:
सहा जागे, दोन गेलेले.
बदलले. पान्याला बोटाची साल चिकटून राहिली.
सुरू झाला. दोन सेकंद. पुन्हा तेच.

मग बॅटऱ्या. टोकांवरची हिरवट बुरशी
जुन्या टूथब्रशने खरवडली.
स्टार्टर बिचारा जोमाने फिरत होता.
घरात दिवा दिसतोय, कडी वाजवतोय आपण,
आणि आतून कुणी येत नाही, तसं.

बाई कॉफी घेऊन आल्या, दोन स्वेटर, वर नवऱ्याचा कोट.
"आर्वो असा नव्हता लावत," म्हणाल्या.
"रोज रात्री पुढे-मागे करून तोंड सरोवराकडे करायचा.
मला वाटे, सकाळी निघायला सोपं म्हणून.
परवा भाच्याने लावला हा असा."

मी कप बॉनेटवर ठेवला. तो घसरला. घसरू दिला.

माझी नोकरी डायलिसिसची.
दिवसभर लोकांचं रक्त माझ्यासमोर नळ्यांतून फिरतं,
आणि यंत्र किंचाळतं ते
एखाद्या बुडबुड्यासाठी.
एवढं सगळं माहीत असून
तीन रविवार मी थंडीला शिव्या घातल्या.

पारदर्शक नळी आणली, हातभर,
हॉस्पिटलमधून नाही, हार्डवेअरच्या दुकानातून,
परतीच्या लाइनमध्ये मध्येच बसवली.
बाईंना म्हटलं, फिरवा.
गोटी सोड्याच्या बाटलीत चढतात
तसे आले, एकामागून एक,
आणि थांबेचनात.

बाहेर एक थेंब नव्हता. म्हणून तर फसले.
रात्रभर डिझेल आपल्याच वजनाने
मागच्या टाकीकडे उतरून जायचं,
आणि ते उठून गेलं त्या जागेवर
हवा येऊन बसायची.

पाचव्या इंजेक्टरच्या टोपीखाली सापडलं:
एक रबरी कडं, करंगळीत बसेल एवढं,
चिंचेच्या वाळल्या टरफलासारखं कडक.
नखाने दाबलं, तुटलं.
सोळाच्या सोळा बदलली.
एक गेलं म्हणजे बाकीच्यांचंही वय तेच.

मुद्दाम रात्रभर चढावरच ठेवला.
सकाळी उणे वीस. ब्लॉक हीटरची वायर काढली,
ग्लो प्लगचा दिवा विझेपर्यंत थांबले,
चावी अर्धी फिरली नसेल,
धरला. आणि धरून राहिला.
धूर निळसर झाला, मग दिसेनासा.

बाई पायरीवर होत्या.
"किती पडले?"
"कड्यांचे अकरा डॉलर."
"अकरा."
त्यांनी रस्त्याकडे पाहिलं, जिथे
कितीएक हिवाळे, अंधारात, जेवण गार होत असताना
एक माणूस ट्रक वळवत असायचा.

"म्हणजे त्याला माहीत होतं?"
"हवा कुठून शिरते ते नसेल," मी म्हटलं.
"शिरते, एवढं माहीत होतं."

त्या फिनिशमध्ये एक शब्द बोलल्या.
अर्थ मी विचारला नाही.
मग आत जाऊन
सुटे मोजून आणले, अकरा,
वर राईची अर्धी पाव,
आणि म्हणाल्या, गिऱ्हाईक बाराला येतंय,
तोवर बंद करू नकोस,
वाजू दे.