उसने

तिसरी ब. पटावर एकोणचाळीस, आज हजर एकतीस.
आठ जण कालच गावाला गेले,
त्यांची मेथी मात्र खिडकीत हजर:
कागदी पेला, ओला कापूस, वर नावाची चिठ्ठी,
सगळ्यांच्या माना उजेडाकडे.

उद्यापासून नाताळची सुट्टी.
मी फळ्यावर तारीख लिहिते
आणि मागून कुणीतरी उरलेले तास मोजतं,
मला ऐकू जाईल इतक्या हळू.

पुस्तकातला धडा हिवाळ्याचा.
शेकोटी, धुकं, लोकरीच्या टोपीतला गोबरा मुलगा.
मी विचारते, आपल्या शिवडीत थंडी कशी कळते?
पोरं एकमेकांकडे बघतात.
"बाई, खोबरेल बाटलीतनं बाहेरच येत नाही."
"सकाळचं पाणी चावतं."
"आजोबा पंखा एकवर ठेवतात. बंद नाही करत."
दुर्वेश म्हणतो, "खाडीवर रोहित आलेत,
काकाच्या होडीतनं बघितले, चिखल खातात."
मागच्या बाकावरचा रोहित दचकून उभाच राहतो,
मग वर्ग जो सुटतो
तो शेजारच्या ‘अ’मधून बाई डोकावेपर्यंत.

गणित राहिलंय.
तीनशे दोन वजा एकशे सत्तेचाळीस.
दोनातून सात जात नाहीत.
शेजारी मागावं, तर शेजारी शून्य.
"त्याच्याच घरी काय नाय," प्रज्योत म्हणतो.
म्हणून शून्य उठतं, शतकाच्या दारात जातं,
एक आणतं, त्याचे दहा सुटे करतं,
त्यातला एक एककाच्या ओंजळीत घालतं
आणि आपण नऊ होऊन गप्प बसतं.
बावीस वर्षं ही गोष्ट मी अशीच सांगते,
खडूला पाठ झालीय.

मेहजबीनचा हात वर.
जूनपासून तिसऱ्यांदा असेल.
तिच्या वहीत उत्तराच्या जागी
खोडून खोडून कागद पातळ झालेला,
पलीकडचं पान दिसावं इतका.
"बाई, उसने घेतलेले
परत कधी द्यायचे?"

मी म्हटलं, गणितात परत द्यायचे नसतात.
"मग उसने का म्हणतात?"

कुणी हसलं नाही.
खिचडीचं पातेलं जिन्यावरून वर येत होतं,
त्याचा आवाज मधे आला, बरं झालं.
मला ताईची पाटली आठवली,
माझ्या डी.एड.च्या फीसाठी मोडलेली.
तिनं कधी विषय काढला नाही.
मीही पुढच्या पगाराला, पुढच्या दिवाळीला म्हणत राहिले,
आणि आता कुणाच्या हातात ठेवू?
"सुट्टीनंतर सांगते," म्हणाले.
मेहजबीननं मान हलवली,
वहीत बारीक अक्षरात लिहून घेतलं,
बहुतेक माझा शब्द.

दुपारी पेले वाटले.
आठ पोरके उरले, तर पोरं भांडली त्यांच्यासाठी,
शेवटी वॉचमन शेळकेमामांनी खुर्चीशेजारी मांडून घेतले,
"पाणी घालीन, पण मोठी झाली तर भाजी करीन हां," म्हणाले,
आणि कस्तुरी खरंच रडवेली झाली.

वर्ग रिकामा.
बाकाखाली एक मोजा, अर्धी पट्टी, चिक्कीचा कागद.
टेबलावर, हजेरीच्या वहीवर नीट आडवी ठेवलेली
लाल-काळ्या पट्ट्यांची पेन्सिल.
जुलैत मी कुणाला तरी दिली होती, नवीकोरी,
आणि विसरून गेले होते.
आता अंगठ्याएवढी उरलीय.
टोक मात्र ताजं, आत्ताच काढल्यासारखं.

गणित फळ्यावर तसंच, शून्य नऊ झालेलं,
खाली उत्तर नाही.
त्याच पेन्सिलीनं एका कागदावर लिहिते,
बोटं कागदाला घासतात इतकी ती लहान:
अपुरं आहे. पुसू नये.