पान नऊ

डंडीत नोव्हेंबरात साडेतीनलाच अंधारून येतं.
आम्ही दिवा लावतो आणि शाळा भरते,
कुजबुजत, कारण भिंतीपलीकडे
रात्रपाळी करून आलेली आई झोपलेली असते.
इथे घंटा नाही, पाढ्यांचा गलका नाही.
कात्रीसुद्धा पायमोजे घालून चालते.

लायब्ररीच्या सहा पुस्तकांतलं एक गोगलगाईचं.
तिच्या पाठीवर टपालाची पिशवी,
पानोपानी एकेक कागदी दार,
उघडलं की आत कुणीतरी पत्राची वाट बघत बसलेलं.
मी इंग्रजी अक्षरांवर बोट फिरवतो
आणि तोंडाने मराठी वाचतो.
साडेचार वर्षांच्या शाल्मलीला ही लबाडी ठाऊक आहे.
कालच्या ‘हळूहळू’ला आज ‘सावकाश’ म्हटलं
तर माझं बोट उचलून मागे नेऊन ठेवते.
“असं नाहीये तिथे. हलूहलू आहे.”

खरं तर तिथे दोन्ही नाही.
आणि ळ तर तिच्या तोंडातही नाही अजून.
म्हणून मंगळवारी आम्ही तो लोकरीचा केला,
कॉर्नफ्लेक्सच्या पुठ्ठ्यावर, डिंकाने,
दोन वेटोळी शेजारी शेजारी.
वाळल्यावर तिने तो डोळ्यांना लावला:
“चष्मा!”
आणि ळमधून खिडकीबाहेरचे सीगल मोजले. अकरा.
बारावा ‘वी’ होता म्हणे, म्हणून धरला नाही.
लहानाला ती वी म्हणते, इथल्या पोरांसारखं.

अंड्यांच्या खोक्यात सहा खळगे, राजम्याचे दाणे पाच.
“एक उपाशी,” ती म्हणाली.
वजाबाकी मला कुणी
इतकी नीट सांगितली नव्हती.

पण पान नऊ.
पान नऊचं दार कुणीतरी आमच्याआधीच उपटलंय,
आणि उपटताना आतलं चित्रही सोलून निघालंय.
उरलाय पांढरा, खरवडलेला चौकोन.
गोगलगाय मात्र पत्र घेऊन समोर उभीच.
“मग हे कुणाचं?”
मी साळिंदर म्हटलं. नाही.
बसचा ड्रायव्हर? त्याला कशाला पत्र, तो तर सगळीकडे जातो.
तीन संध्याकाळी हा प्रश्न
भाताबरोबर ताटात येऊन बसला.

शुक्रवारी मी भांडी घासत होतो.
तिने चहाच्या खोक्याचं झाकण कापलं (वाकडं),
आईच्या पिशवीतली जखमेवरची चिकटपट्टी
बिजागरीला लावली,
आणि लायब्ररीच्या पुस्तकात, माझ्या डोळ्यांदेखत, निळ्या खडूने
एक पलंग काढला.
गोधडी. गोधडीबाहेर केस. मिटलेल्या डोळ्यांच्या दोन रेघा.
“झोपलीये. उठवायचं नाही.
पत्र उशीखाली ठेवायचं.”

पुस्तक परत करताना माझ्या मनात दंडाचे आकडे.
काउंटरवरच्या इशबेलबाईंनी दार उघडलं,
चष्मा वर केला, पाहिलं,
दार लावलं,
आवाज न करता लावलं,
आणि पुस्तक फाटक्यांच्या टोपलीत न टाकता
सरळ फळीवर ठेवलं.

जानेवारीत ते आम्हाला पुन्हा मिळालं.
चिकटपट्टीच्या कडा मळलेल्या, बऱ्याच हातांनी.
पान नऊ. शाल्मलीने दार नखाने उचललं.
पलंग होता तसाच.
पण उशाशी, कुणाच्यातरी हिरव्या पेन्सिलीने,
एक कप काढलेला.
वर वाफेच्या तीन रेघा, थरथरत्या.

ती खूप वेळ बघत राहिली.
मी वाट पाहत होतो, रडेल की रागावेल.
“साखर घातलीये का,” ती म्हणाली,
“ते लिहिलंच नाही.”
आणि खडूंचा डबा उघडला,
हळूहळू,
आई अजून झोपलेली होती म्हणून.