बसायला

रात्री दीडला मुल्लाणी हवालदारांचा फोन.
"शांतवनमामा, शंभरफुटीला या. घरफोडी.
बाई एकट्याच आहेत. आमचं लिहून झालं,
पण पाय निघेना."

चौकीच्या फळ्यावर आमची सहा नावं खडूनं लिहिलीत.
मंगळवार माझा.

पहिल्या वर्षी मी शुभवर्तमान न्यायचो.
माधवनगरच्या एका बापानं ते हातातून घेतलं,
नीट मिटलं, म्हणाला,
"पोरगं परत येणार असेल तर वाचा."
तेव्हापासून चहाचा थर्मास नेतो.

पद्मावती आवटी, वय एकाहत्तर.
कुंभोजहून शेवटच्या गाडीनं आल्या, तर दार उघडंच.
दागिन्यांसाठी डबा पालथा केलेला,
ज्वारी फरशीभर.
देवघराच्या चौकटीवर ठसेवाल्याची काळी पावडर.

"तुम्ही पोलिस?"
"नाही."
"मग कोण?"
"बसायला आलोय."
"माझं कुणी गेलेलं नाही," त्या म्हणाल्या,
आणि खुर्ची पुढं सरकवली.

मी थर्मास उघडला.
"सूर्य मावळल्यावर मी पाणीसुद्धा घेत नाही."
मी थर्मास मिटला.
आता माझ्याकडं काहीच उरलं नाही,
दवाखान्यात तीस वर्षं स्ट्रेचर ढकललेले
दोन हात सोडून.

झाडू घ्यायला गेलो तर म्हणाल्या, "नको.
मुंग्या असतील."
मग दोघं फरशीवर. दाणा दाणा.
त्यांचे ओठ हलत होते, माझेही.
कोण काय म्हणतंय, विचारलं नाही.

तीनच्या सुमाराला एकदम बोलल्या,
"सोन्याचं जाऊ दे हो.
त्यानं कोपरापर्यंत हात घातला ह्यात.
आता ह्याची भाकरी थापायची कशी?"
समजू शकतो, असं म्हणायचं नसतं,
प्रशिक्षणात सांगितलेलं.
आणि खरंच मला समजत नव्हतं.
मी पलंगाखाली टॉर्च मारला.
तिथं पुष्कळ होती.

खिडकीत ऊन आलं तरी
त्या घड्याळाकडं बघत थांबल्या, पाऊण तास.
मग म्हणाल्या, "आणा तो चहा, गरम करते.
साखर फार घालता का तुम्ही लोक?"

निघालो. मागं कडी लागली.
निघाली. परत लागली.
मी जिन्यात उभा राहून मोजत होतो,
सात, आठ,
तेवढ्यात दूधवाला वर आला, मला बघून दचकला,
किटली छातीशी धरून म्हणाला,
"कोण तुम्ही? कोण पाहिजे?"