दहा किलोबाइटला दहा पैसे

सावद्याला पहिल्यांदा गेलो तेव्हा
बॅगेत चाळीस सिमकार्डं होती,
कंपनीचा एक रंगीत पडद्याचा फोन, सही करून घेतलेला,
आणि जळगावच्या हॉटेलात घोकून घेतलेलं एक वाक्य:
आता केळीचा भाव तुमच्या खिशात.

प्रल्हाद नेहेत्यांनी चष्मा कपाळावर ढकलला.
'दहा किलो म्हणता, कशाचे?
तोलाई कोणाची? काटा कुठंय?'
मी म्हणालो, याचं वजन दिसत नाही, काका.
'मग बिल कसं दिसतं?'

तरी फोन उघडला.
पडद्यावर एक पृथ्वी फिरायला लागली.
फिरत राहिली.
शेजारी हमालांनी अख्खा ट्रक भरला,
घडांवर पानांचा शेवटचा थर टाकला, दोर आवळला,
तेव्हा कुठं एक ओळ उतरली:
पुन्हा प्रयत्न करा.

त्यांना कसं सांगणार
की टॉवरवर जागाच मोजून असतात,
एस्टीच्या बाकांसारख्या,
आणि बोलणारा माणूस चढला
की माहितीला उठून उभं राहावं लागतं.
दिवे लागले की सारा तालुका बोलायला बसतो.
बोलण्यातून कंपनीला मिनिटाला रुपया,
माझ्या मालाचे दहा पैसे, तेही तुटत तुटत.
उभे प्रवासी वाढवायला मला पाठवलं होतं,
गाडी वाढवायला नाही.

रावेरच्या पुढं वेगळीच गंमत.
डिगंबर वारके आपल्याच मळ्यात, ठिबकच्या नळीपाशी बसले होते,
फोननं बऱ्हाणपूरचा टॉवर धरला
आणि ते बसल्या जागी परराज्यात गेले.
बिल घेऊन आले तेव्हा एवढंच म्हणाले,
'मी बांधसुद्धा ओलांडला नाही हो.'
तक्रारीच्या फॉर्मवर या दुःखाला रकाना नव्हता.

टॉवरखाली सुभान तडवी,
बारा तासांचं भारनियमन आणि डिझेलचे दोन कॅन.
त्याच्या वहीत रोजचे लिटर,
माझ्या वहीत रोजचे ग्राहक.
चहा पिताना आम्ही वह्या शेजारी ठेवायचो
आणि कोणी काही बोलायचं नाही.

चाळीसातलं एकच सिमकार्ड नीट चाललं.
हेमलता बोंडे, रिचार्जचं दुकान, शटर अर्धं.
ती रात्री दोनला उठायची.
दोनला कोणी बोलत नाही, सगळे बाक रिकामे,
गाणी सरसर उतरायची, देवांचे फोटोही.
सकाळी गिऱ्हाइकाचा फोन तिच्या फोनसमोर,
डोक्याला डोकं लावून ठेवायची, मध्ये बोटभर अंतर,
हवेतून गाणं पलीकडं. पाच रुपये.
'हालवू नका हो,' म्हणायची, जसं काही इंजेक्शन देतेय.
मी म्हटलं, वहिनी, नियमात बसत नाही हे.
ती म्हणाली, 'तुमी पिशवी इकता, भाऊ.
लोकायले केयी पाह्यजे.'

आणि भाव?
भाव मिस्ड कॉलनं जायचा.
एक रिंग, टिकला. दोन, चढला. तीन, पडला.
सावदा ते यावल, पैशाविना, पृथ्वी न फिरवता.
नेहेत्यांनी मलाही यादीत घातलं होतं,
म्हणाले, 'शिकून घ्या, उपयोगी पडेल.'

अहवालात मी लिहिलं:
ग्राहक, एक. वापर, समाधानकारक.
वेळेच्या रकान्यात 'रात्री दोन' लिहून खोडलं.

चौथ्या महिन्यात योजना बंद झाली.
ऑफिसात फोन परत केला, पुन्हा सही,
आत तिनं भरलेलं एक गाणं तसंच राहिलं.
जळगावच्या स्टँडवर गाडीची वाट पाहत होतो,
उन्हानं डांबर मऊ झालेलं,
तेवढ्यात खिशातला माझा साधा फोन वाजला.
एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा.
नंबर नेहेत्यांचा.
मी उचलला नाही.
उचलला असता तर त्यांना रुपया पडला असता.