बाकी पुढे नेली

तेहतीस वर्षं मी दीपनगरला कोळशाची वजनं लिहिली.
वाघीण भरलेली यायची, रिकामी जायची,
मधला फरक माझ्या अक्षरात.
तोच फरक मग चिमणीतून निघून
आमच्या गल्लीतल्या दोऱ्यांवर उतरायचा.
सकाळचं पांढरं धोतर दुपारी राखाडी.
तक्रार कोण करणार?
साबण त्याच पगारातून यायचा.

निवृत्त झालो आणि काटा घरी आणला.
कंपनीचा नव्हे, भंगारातला,
मुबारक तडवीकडून, चारशे रुपयांत, दांडी वाकलेली.
आता बत्तीस घरांची वजनं लिहितो.

हिशेब शिकवला फेगड्यांच्या चेतनानं.
एक सिलिंडर म्हणजे बेचाळीस किलो हवेत, बापू.
विजेचं एक युनिट, पाऊण किलो.
मी म्हटलं, पोरी, हवा कोणत्या काट्यावर ठेवतेस?
ती म्हणाली,
ज्याच्यावर तुम्ही जन्मभर अर्धंच लिहिलंत.

त्या रात्री जेवलो नाही.

सावद्याकडून केळीचे खांब येतात ट्रॅक्टरभर,
घड उतरल्यावर बांधावर फेकलेले.
शाळेमागच्या टाकीत कुजतात,
अकरा चुली निळ्या पेटतात,
आणि काळा रबडा त्याच ट्रॅक्टरनं
त्याच केळीला परत जातो.
पहिले दोन महिने नुसता वास आला.
द्वारकाबाई तर नाकाला पदर लावून
माझ्याच दारात येऊन उभी राहायची, बोलायची नाही.

चेतना एकदा म्हणाली, चक्राकार अर्थव्यवस्था.
रज्जाक पिंजारी जुनी गादी उसवत होता,
कापसानं भुवया पांढऱ्या.
म्हणे, हे त आमच्या गादीचं नाव झालं ना, बापू.
उसव, पिंज, भर.
माझ्या आज्यानं कोणाले विचारून केलं?

मग झांबऱ्यांचा मुलगा आला पुण्याहून.
घर पाडायचं, तीन मजले, छतावर झाडं,
कागदावर सगळं हिरवं छापलेलं.
मी त्याच्या भिंतीतली सुटलेली वीट काट्यावर ठेवली.
तीन किलोला थोडी कमी.
म्हटलं, तापीकाठची भट्टी, माझ्या बापाच्या वेळची.
हिचा धूर कधीच देऊन झाला, बाळा.
जे उभं आहे ते फिटलेलं आहे.
नवीन मात्र उधारीवर येईल.

त्यानं ऐकलं, फोनही पाहिला.
शेवटी पुढचं घर राहिलं, मागचं पाडलं.
विटा अकराशे चाळीस, मोजून घेतल्या आम्ही.
सिंधूबाईचं न्हाणीघर त्यातूनच झालं,
उरलेल्या अजून माझ्या ओट्याखाली आहेत.

थंडीत भरिताची वांगी भाजली, पऱ्हाटीवर.
धुरानं डोळे चुरचुरले. विचारलं, हे कुठे लिहू?
चेतना म्हणाली, नका लिहू,
कापसानं यंदाच हवेतून घेतलं, यंदाच परत दिलं.
मग माझ्या कोळशाचं?
ती वांग्याचं साल सोलत राहिली.
तीही झाडंच होती, बापू. फार जुनी.
परत घ्यायला त्यांच्यातलं कुणी उरलं नाही.

पाडव्याला बेरीज मांडली.
शून्य आलं नाही.
बत्तीस घरं मिळून अजून एकोणतीस टन.
चेतना खट्टू झाली, मुबारक दुसऱ्यांदा मोजू म्हणाला.
मी खाली रेघ मारली, जुन्याच अक्षरात लिहिलं:
बाकी पुढे नेली.

दुपारी दोरीवरच्या धोतरावरून बोट फिरवलं.
राखाडी.
चेतनाला दाखवलं.
तिनं तिच्या बोटानं
माझं बोट पुसलं
आणि वही मागितली.