गृहपाठ चौथा

शारजात, रोलाच्या मागच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर
सहा पलंग: तीन खाली, तीन वर.
मी वरच्यावर, मांडीवर लॅपटॉप,
मान वाकवूनच बसायचं, छत डोक्याशीच.
गृहपाठ म्हणतात ह्याला.
गृह कुठलं, ते विचारू नका.

दिवसभर औषधाच्या दुकानात गल्ल्यावर,
संध्याकाळी युनिव्हर्सिटीची बस.
डॉक्टर लुबना फळ्यावर डबे काढतात,
डब्यातून बाण निघतो, पुढच्या डब्याला लागतो,
शेवटच्याचा बाण कशालाच नाही.
"मधला डबा काढायचाय?
आधी मागच्याचा हात पुढच्याच्या हातात द्या.
नाहीतर पुढचे सगळे हरवतील.
असतील तिथेच, पण कुणाला सापडायचे नाहीत.
आणि काढलेल्याची जागा परत करा.
लोक विसरतात."

चाचणीला नावं हवी होती.
मी खोलीतलीच घातली:
शायनी, दिलरुक्षी, मारिविक, फिलोमिना, हाजरा, मुनिरा.
"मला कितवी ठेवलीस?" मारिविक खालून विचारायची.
माझा प्रोग्रॅम पहिल्यांदा तिनेच पाडला,
वयाच्या जागी उणे चार टाकून,
आणि इतकी हसली
की हाजराने उशी फेकून मारली.

गुरुवारी मुदत. रात्री अकरा एकोणसाठ.
हर्णैला तेव्हा दीड वाजत आलेला असतो,
म्हणजे आईच्या घड्याळात माझी मुदत
रोज आधीच टळलेली.
वायफाय एक, चौघी व्हिडिओवर,
शायनीचा मुलगा पलीकडून दात दाखवतोय, पडलेला,
त्याला कशी म्हणू, फोन ठेव?
बाबा ह्याच खाडीवर लाँचमध्ये माल चढवायचे,
टायर, तांदूळ, पुठ्ठ्यातले फ्रीज,
पाणी उतरायच्या आत.
मी झिप चढवते.
चक्र फिरतं, थांबतं, फिरतं.

अकरा एक्केचाळीस. मिळालं.
अकरा बेचाळीस. वीसपैकी शून्य.
'अपेक्षित उत्तर आणि तुमचं उत्तर जुळत नाही.'
खाली दोन्ही ओळी, एकीखाली एक.
त्यांची नावं वेगळी, पण ओळी सारख्याच,
बोट ठेवून वाचल्या, अक्षर अन् अक्षर,
स्वल्पविरामसुद्धा.
रडू येत नाही अशा वेळी, भूक लागते.
खुबूसचा तुकडा चघळत
मी माझीच यादी पुन्हा चालवली,
आणि ओळीच्या शेवटी गेले सहज.
कर्सर मुनिराला चिकटून उभा राहायला हवा,
तो एक पाऊल पुढे उभा.
माझ्या नावापुढे एक मोकळी जागा.
दिसत नाही. यंत्राला दिसते.

सहाजणींच्या खोलीत
दात घासायलाही नंबर लावते मी,
आणि माझ्याच हातून
एक जागा जास्तीची!

पुसली. पुन्हा झिप.
"दोन मिनिटं, बायांनो, फक्त दोन मिनिटं!"
चौघींनी फोन छातीशी धरले,
शायनीने मुलाला सांगितलं, ताईची परीक्षा आहे.
अकरा अठ्ठावन्न. चढली.

बाराला एक मिनिट उलटून गुण आले.
अठरा.
फिलोमिनाने टाळी वाजवली, हाजरा झोपेत 'मुबारक' म्हणाली.
दोन का गेले, ते खाली लिहिलं होतं:
'डबा यादीतून काढला,
जागा परत केलेली नाही.'

हे खरंच होतं.
चाचणीत मी मारिविकलाच काढलं होतं,
दिलरुक्षीचा हात फिलोमिनाच्या हातात दिला होता नीट,
मंगळवारी, तिचं विमान मनिलाला उतरायच्या आत.
मालकाने दारावर कागद डकवलाय:
पलंग मिळेल, सातशे दिरहम, फक्त महिला.
शुक्रवारी कुणीतरी बघायला येणार.
त्या पलंगावर मी सध्या इस्त्रीचे कपडे ठेवते.
खाली तिची एक चप्पल आहे, हिरवी.
चूक दुरुस्त करून पुन्हा द्यायला
रविवारपर्यंत सवलत आहे.
एका ओळीचं काम.
बघू.