त्रेचाळिसावा नंबर

यादीत आपला नंबर त्रेचाळिसावा, हे म्हणाले
आणि बूट काढत बसले,
जसे काही त्रेचाळीस म्हणजे अंशच,
एप्रिलात नागपूरला असतातच.

अंदमानात क्वार्टर मिळायला आठ महिने, नाहीतर चौदा.
तोवर बाहेर सोय बघावी, असं पत्रात लिहिलंय.
बाहेर म्हणजे कुठे?
मी नकाशा उघडला.
बाहेर सगळीकडे निळंच होतं.

सुब्बय्या नावाचा दलाल दुपारी फोन करतो,
त्याच्यामागे कोंबडा आरवतो, भर दुपारी.
दोन खोल्या आहेत, मॅडम. समुद्र दिसत नाही, ऐकू येतो.
भाडं चौदा हजार, पाणी दिवसाआड.
आज पैसे टाकले तर घर तुमचं,
उद्या दुसऱ्या फौजीचं.
मी विचारते, ओटा किती उंच आहे?
तो म्हणतो, मॅडम, ओटा असतो तेवढाच.

शेवटी मापं आली, कुठल्याशा पावतीच्या पाठीवर लिहिलेली.
रात्री झळा उतरल्यावर
वायुसेना नगरात, आमच्या ब्लॉकसमोरच्या बॅडमिंटन कोर्टावर
मी ते घर काढलं.
खडू संपला, मग रांगोळी घेतली.
दहा बाय अकरा. स्वयंपाकघर पाच बाय सात.
मोरी कुठे ते पावतीवर नव्हतं,
ती मी माझ्या सोयीनं ठेवली.

मिहू पाण्याची बाटली आणायला निघाली ती सरळ भिंतीतून.
दारातून जा, मी ओरडले.
फिरायला निघालेले वॉरंट ऑफिसर जांभूळकर थबकले,
चपला बाहेर काढून आत आले.
पलंग इथं नाही बसत, वहिनी,
पंख्याखाली पायजे. पंखा कुठाय?
आम्ही तिघांनी वर पाहिलं.
वर सोनेगावला उतरणारं विमान,
दिवे लावून, चाकं खाली सोडून.

पलंग तसाही विकला.
कपाट भावानं काटोलला नेलं.
कूलर मात्र कुणी घेईना, त्याचा पत्रा गंजलाय,
आणि तिकडे नेऊन उपयोग नाही, म्हणतात,
तिथली हवा आधीच ओली.
परवाच मी त्यात नवा वाळा भरला होता,
सवयीनं, बदलीचा कागद हातात असताना.

आज सस्मिता बेहेरा आली, क्वार्टर बघायला.
तिचा नंबर पहिला.
पहिल्या नंबरची बाई कशी दिसते ते मी नीट बघून घेतलं:
खांद्यावर झोपलेलं पोर, हातात सुताराची टेप,
पायात दोन वेगवेगळ्या चपला.
तेजपूरहून आल्यापासून पाच महिने वाडीला काढले,
ट्रकच्या गॅरेजवर एक खोली, रात्रभर हातोडे.
तिनं माझं स्वयंपाकघर मापलं
मी त्यात पोळ्या लाटत असताना.
सरका जरा, म्हणाली. मी सरकले.

मागचा नळ उलटा फिरतो, मी सांगितलं.
गच्चीच्या किल्लीसाठी जांभूळकरांकडे जा, त्यांना चहा लागतो.
मे महिन्यात पश्चिमेची खिडकी सहापर्यंत उघडू नको.
फुटाळ्याचा वारा येतो म्हणतात सगळे,
मला तीन वर्षांत दोनदा लागला.
कूलर ठेव.
ती म्हणाली, किती द्यायचे?
मी म्हटलं, वाळा बदलत जा.

तेवढ्यात सुब्बय्याचा निरोप:
ते घर गेलं, मॅडम. दुसरं बघतो.
मी पोळी उलटली. ती थोडी जळली होती.

सस्मिता जिना उतरली.
मी गॅलरीतून पाहत होते.
कोर्टावर अजून पुसट रेघा आहेत,
पोरांनी खेळून खेळून एक खोली जवळजवळ नेलीय.
कुणाचं घर म्हणून तिला कुणी सांगितलं नव्हतं,
आता ते आमचंही नव्हतं.
ती वळसा घालून दारापाशी आली, दारातून आत गेली,
पोराचं डोकं सावरत इकडेतिकडे फिरली,
मोरीशी थांबली
आणि खालून मला विचारलं,
दीदी, इथं नळ कुठून आणणार?